डबे नंतर घ्या, आधी ओल बघा

किराण्याचं कपाट आपल्याकडे दिवाळीच्या साफसफाईत निघतं. ठाण्या-नवी मुंबईत तोवर उशीर झालेला असतो. शेजारी खाडी, जून ते सप्टेंबर पाऊस, आणि जुलै-ऑगस्टमध्ये हवेतली आर्द्रता कितीतरी दिवस ८५-९० टक्क्यांच्या घरात. धान्यावर बुरशी यायला ७० टक्के पुरतात, आणि किडीला तर हीच दमट-उबदार हवा मानवते. म्हणून कपाट काढायचं ते मे महिन्याच्या दुसऱ्या पंधरवड्यात, ऊन कडक असताना. दिवाळीतली सफाई हा नुसता पंचनामा.

दुसरी उलटी सवय म्हणजे एकसारख्या डब्यांचा सेट ऑनलाइन मागवून कामाला लागणं. फोटो छान येतो. पण भिंत ओली असेल आणि पाच किलो रव्याला आधीच जाळी धरली असेल, तर नवा डबा काही करू शकत नाही. डबे सगळ्यात शेवटी.

कपाट एकदम रिकामं करू नका. दोन बेडरूमच्या घरात सगळा किराणा एकाच वेळी बाहेर काढला की रात्रीच्या स्वयंपाकाला मिठाचा डबा सापडत नाही. वरच्या कप्प्यापासून सुरू करा, एका वेळी दोन कप्पे. जमिनीवर जुनी पांढरी चादर पसरा. पांढरीच, कारण त्यावर अळी, भुंगेरा, झुरळाची विष्ठा लगेच दिसते. काढताना प्रत्येक वस्तू हातात घेऊन तीन ठिकाणी वाटा: टाकायचं, चाळून-निवडून बघायचं, आणि तसंच परत जाणारं. किडलेलं धान्य पिशवीत गच्च बांधून त्याच दिवशी ओल्या कचऱ्यात खाली पोचवा. खिडकीत कबुतरांना टाकणं हा उपाय नाही. कबुतरं कायमची येतील आणि सोसायटीतलं भांडणही.

कप्पा रिकामा झाला की पुसायच्या आधी मागची भिंत बघा. भिंतीपलीकडे बाथरूम असेल किंवा ती इमारतीची बाहेरची, पाऊस झेलणारी बाजू असेल, तर शंका घ्यायलाच हवी. वीतभर ॲल्युमिनियम फॉइल भिंतीला चारी बाजूंनी टेपने हवाबंद चिकटवा आणि दोन दिवस राहू द्या. काढल्यावर फॉइलच्या भिंतीकडच्या बाजूला पाणी असेल तर ओल भिंतीतून येते आहे. ते काम प्लंबरचं किंवा सोसायटीचं, तुमच्या फडक्याचं नाही. पाणी खोलीकडच्या बाजूला असेल तर हवेतली वाफ गार भिंतीवर जमते आहे, आणि त्यावर डबे भिंतीपासून दोन इंच पुढे ठेवणं नि दारं रोज थोडा वेळ उघडी टाकणं एवढ्याने बराच फरक पडतो. ही चाचणी मेमध्ये आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर अशी दोनदा करा, कारण बाहेरून झिरपणारं पाणी उन्हाळ्यात दिसतच नाही.

सफाई आधी कोरडी, मग ओली. पाणी आधी लावलं की सांडलेल्या पिठाची लुगदी होते आणि ती फटीत जाऊन बसते; पुढची कीड तिथेच वाढते. रंगाचा एक इंची कोरडा ब्रश घ्या आणि फळीच्या पिनांची भोकं, कोपऱ्यांच्या फटी, बिजागरीच्या मागची जागा झाडा. पिठातल्या पतंगाचे कोश याच भोकांत असतात. चकचकीत पुसलेल्या कपाटात पंधरा दिवसांनी पुन्हा पतंग उडताना दिसतो, तो इथून आलेला असतो. व्हॅक्यूम क्लीनर असेल तर बारीक तोंड लावून तोच वापरा आणि पिशवी लगेच बाहेर रिकामी करा.

मग एक लिटर कोमट पाण्यात चमचाभर भांड्यांचं लिक्विड घालून, फडकं घट्ट पिळून पुसा. घोडबंदर रोडच्या नव्या टॉवरांतली बरीच मॉड्युलर कपाटं पार्टिकल बोर्डची असतात. वरचं लॅमिनेट पाणी सोसतं, पण कापलेल्या कडेतून पाणी शिरलं की बोर्ड फुगतो आणि पुन्हा बसत नाही. लॅमिनेटवर निम्मं व्हिनेगर-निम्मं पाणी चालतं. वाशी-नेरूळच्या जुन्या सिडकोच्या घरांत ओट्याखाली कडाप्प्याची मांडणी असते, तिथे मात्र व्हिनेगर आणि लिंबू दोन्ही वर्ज्य. कडाप्पा हा चुनखडीचा दगड आहे. आम्ल लागलं की पांढरट डाग पडतो, आणि तो पुसून जाणारा डाग नसतो, दगडच खाल्लेला असतो. शेवटी दारं उघडी टाकून पंखा लावा आणि रात्रभर वाळू द्या. फळी हाताला कोरडी लागली तरी कडा ओल्या असतात.

फळीवर वर्तमानपत्र अंथरायची सवय मोडायला हवी. कागद ओल धरतो, खाली झुरळांना आडोसा मिळतो आणि शाई अन्नाला लागलेली बरी नाही. लॅमिनेट उघडंच ठेवा. सांडलेलं निदान दिसतं तरी.

आता साठा किती ठेवायचा. जांभळी नाक्यावरून किंवा तुर्भ्याच्या दाणाबंदरातून वर्षाचे गहू-तांदूळ भरणारी घरं अजून आहेत. कडक वाळवलेले गहू मोठ्या घट्ट झाकणाच्या पिंपात वर्षभर राहतातही. पण पीठ, रवा, बेसन, मैदा यांचं तसं नाही. दळलं की धान्याचं कवच गेलं. पावसाळ्यात कणीक तीन-चार आठवड्यांची, रवा-बेसन महिन्याचं, एवढंच घरात असावं. बाजरीचं पीठ तर आठ-दहा दिवसांतच कडवट होतं, कारण बाजरीत तेलाचा अंश जास्त आणि दळल्यावर त्यातलं लायपेज हे विकर ते तेल फोडायला लागतं. बाजरी दाण्यांची साठवा, पीठ आठवड्यापुरतं दळून आणा. सेलमध्ये ‘एकावर एक फुकट’ मिळालेला मैदा ऑगस्टमध्ये कोण खातं, हे ठरवूनच घ्या.

कीड बाहेरून चालत येते असं आपल्याला वाटतं. बहुतेक वेळा ती पिशवीतूनच आलेली असते. तांदळातला सोंड्या दाण्याला भोक पाडून आत अंडं घालतो आणि भोक बुजवतो, त्यामुळे दुकानात तांदूळ स्वच्छ दिसतो. दमट-उबदार हवेत साधारण महिन्याभरात पूर्ण किडा बाहेर पडतो. मूग, चवळी, हरभऱ्यातला भुंगेरा अंडं दाण्याच्या वर चिकटवतो. चवळीचा दाणा उजेडात धरून बघा: खसखशीहून लहान, पांढरा, चपटा ठिपका नखाने सहज निघत नसेल तर ते अंडंच. गोल भोक दिसलं तर आतला ऐवज संपलेला असतो.

त्यामुळे नवा रवा, मैदा, बेसन, कडधान्य घरात आल्या आल्या घट्ट पिशवीत घालून फ्रीझरमध्ये आठवडाभर ठेवणं हा सगळ्यात खात्रीचा उपाय. उणे १८ अंशाला चार दिवसही पुरतात, पण आपला फ्रीझर दिवसातून दहा वेळा उघडतो. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका. पूर्ण खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर बाहेरची वाफ गार पिठावर जमते आणि केलेल्या कामावर पाणी पडतं. फ्रीझरमध्ये जागा नसेल तर रवा मंद आचेवर कोरडा भाजा आणि परातीत पूर्ण गार झाल्यावरच भरा. कोमट भरला की झाकणाच्या आतून थेंब सुटतात.

तूरडाळीला किलोमागे छोटा चमचा, म्हणजे ५ मिली, एरंडेल चोळणं ही जुनी रीत कामाची आहे. तेलाच्या थराने अंडी गुदमरतात. शिजवण्याआधी डाळ कोमट पाण्याने दोनदा धुवा. कडुलिंबाचा पाला, तमालपत्र, लवंगा यांनी आधीच आत असलेली अंडी मरत नाहीत. घालायचं तर घाला, भरवसा ठेवू नका. पाला कोरडा हवा, ओला पाला म्हणजे डब्यात स्वतःहून घातलेलं पाणी. तांदळाला बोरिक पावडर लावणं आणि धान्यात पाऱ्याच्या टिकड्या ठेवणं थांबवा. गोदामात वापरतात त्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या तर घरात आणूच नका: हवेतल्या ओलाव्याने त्यातून फॉस्फीन हा विषारी वायू सुटतो, बंद फ्लॅटमध्ये तो जिवावर बेततो.

गहू-डाळी उन्हात घाला, तांदूळ नको. कडक उन्हात तांदळाला तडे जातात आणि भात लगदा होतो. तो सावलीत, पंख्याखाली पसरा.

डब्यांकडे येऊ. पिशवीवर किलो असतात, डब्यावर लिटर, आणि गफलत इथेच होते. एक किलो तांदूळ, डाळ किंवा साखर सव्वा लिटरच्या आसपास बसते. किलोभर रव्याला दीड लिटर, शेंगदाण्याला थोडं जास्त, कणकेला आणि बेसनाला दोन लिटर लागतात. जाडे पोहे अर्धा किलोच दीड लिटर जागा खातात, आणि मुरमुऱ्यांचा पाव किलोचा पुडा तीन लिटरच्या डब्यातही कोंबावा लागतो. म्हणून सगळे एका मापाचे डबे कधीच पुरत नाहीत. पाकीट पूर्ण मावेल एवढा डबा घ्या. उरलेलं रबरबँड लावून मागे सरकवलेलं अर्धं पाकीट हीच किडीची खरी जागा.

डबा खरंच हवाबंद आहे का, हे लेबल सांगत नाही. भाजलेला पापड त्यात टाका, झाकण लावा, दुसऱ्या दिवशी मोडा. कट्‌कन मोडला तर डबा चांगला. वाकला तर त्यात खायचं काही नको, साबण ठेवा. झाकणातली सिलिकॉनची रिंग काढून धुवा. खाचेत जमलेलं पीठ हेच गळतीचं नेहमीचं कारण.

जुन्यावर नवं ओतायचं नाही, कधीच. जुनं परातीत काढा, डबा कोरडा पुसा, नवं खाली, जुनं वर. भरल्याची तारीख मास्किंग टेपवर लिहून डब्याच्या अंगावर लावा. झाकणावर लावली तर झाकणं बदलतात आणि मैद्यावर ‘तांदळाचं पीठ, एप्रिल’ येतं. पाकिटावरची ‘बेस्ट बिफोर’ची पट्टी कापून त्याच टेपखाली चिकटवा.

ओलावा शोषायला सिलिका जेल चालतं, पण निळे खडे नकोत, त्यात कोबाल्ट क्लोराइड असतं. पांढरे किंवा केशरी घ्या, पुडी फाटकी नाही ना बघा.

शेंगदाणे, तीळ, जवस, सुकं खोबरं यांना किडीआधी खवटपणा गाठतो. पावसाळ्यात यांची जागा फ्रीज. बुरशी आलेले शेंगदाणे निवडून-भाजून वापरायचा मोह टाळा. अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष भाजण्याने पुरतं जात नाही, आणि शेजारच्या चांगल्या दिसणाऱ्या दाण्यातही ते असू शकतं. लाल तिखट आणि वर्षाचा मसाला गॅसच्या वरच्या कपाटात ठेवणारी घरं फार. उष्णतेने रंग उडतो, वाफेने गुठळ्या होतात. मोठी बरणी खाली अंधारात, आठवड्यापुरता डब्यात. मसाल्यात ओला चमचा बुडवणाऱ्या माणसाला घरातून कोणीतरी एकदा स्पष्ट सांगायला हवं.

सुकट, बोंबील, सोडे पावसाळ्याआधी भरले जातात. ते पुन्हा एक दिवस उन्हात कडक करून, जाड पिशवीत, मग घट्ट स्टीलच्या डब्यात, आणि कपाटापासून लांब ठेवा. चहापावडर आणि रवा हा वास सगळ्यात आधी ओढून घेतात. जवळा मऊ लागायला लागला की थांबू नका, फ्रीझर.

मांडणीचा एकच नियम पाळण्यासारखा: जड खाली, रोजचं डोळ्यांसमोर, हलकं वर. तेलाचे कॅन तळाशी ट्रेमध्ये, म्हणजे ओघळ फळीत मुरत नाही. माळ्यावर धान्य नको. सगळ्यात वरच्या मजल्यावर तर स्लॅब तापतो. कांदे-बटाटे वेगवेगळ्या जाळीच्या टोपल्यांत ड्राय बाल्कनीत, थेट उजेड आणि पाऊस लागणार नाही असे. सिंकखाली कधीच नाहीत.

ट्रॉल्या असतील तर वर्षातून एकदा पूर्ण बाहेर काढा. ट्रॉली ज्यावर सरकते त्या साध्या टेलिस्कोपिक चॅनलला दोन्ही बाजूंना काळी प्लॅस्टिकची जीभ असते. एक वर, दुसरी खाली, एकाच वेळी दाबून ट्रॉली ओढली की ती सुटते. दोन्ही एकाच दिशेने दाबत बसलं की ‘जाम झाली’ म्हणून सुतार बोलावला जातो. चॅनल कोरड्या ब्रशने झाडून सिलिकॉन स्प्रे मारा. खोबरेल किंवा गोडेतेल लावलं तर महिन्याभरात पिठाचा चिकट राप बसतो. ट्रॉलीमागे सिंकचा पाइप जिथून आत येतो ते भोक एमसीलने किंवा सिलिकॉनने बुजवा. झुरळांचं जेल बिजागरीजवळ आणि मागच्या कोपऱ्यांत, मोहरीएवढे ठिपके, डब्यांच्या फळीवर नाही. आणि जेल लावल्यावर त्याच ठिकाणी स्प्रे मारू नका. स्प्रेच्या वासाने झुरळं जेलकडे फिरकतच नाहीत.