आधी ग्रामदैवत विचारा: आमची वाटचाल

आमचं ऑफिस वसईत, स्टेशनपासून रिक्षाने दहा मिनिटांवर. २००९ साली मी आणि माझ्या मिस्टरांनी एका गाळ्यात काम सुरू केलं. आधी रेल्वेची तिकिटं, मग वेलंकणीच्या बसगाड्या, मग गोवा. आज आम्ही उन्हाळ्यात बास्क प्रदेशात, म्हणजे स्पेन-फ्रान्सच्या सीमेवरच्या भागात, छोटे गट नेतो आणि तिथल्या गावांच्या जत्रा दाखवतो. वसईची एक छोटी कंपनी तिकडे कशी पोहोचली, हे लोक सारखं विचारतात. त्याचं उत्तर जुन्या गोव्यात आहे.

संत फ्रान्सिस झेवियर यांच्या शवाचं दर्शन जुन्या गोव्यात दर दहा वर्षांनी खुलं होतं. २२ नोव्हेंबर २०१४ ते ४ जानेवारी २०१५ या काळात आम्ही वसईहून सहा बस नेल्या. परतीच्या प्रवासात एका आजींनी विचारलं, "अगं, हे मूळचे कुठले? त्यांचं गाव कोणी पाहिलंय का?" संत वसईलाही येऊन गेले होते हे आजींना ठाऊक होतं, पण ते निघाले कुठून, हे बसमध्ये कोणालाच सांगता येईना. घरी येऊन मी शोधलं. आजच्या स्पेनमधल्या नवारा प्रांतातल्या हाविएर नावाच्या गडावर १५०६ साली त्यांचा जन्म झाला, आणि त्यांची मायबोली बास्क होती. जगातल्या कुठल्याच भाषेशी नातं न सांगणारी ही भाषा. ती बोलणारे लोक तिला एउस्कारा म्हणतात.

२०१६ च्या जुलैत आम्ही चौदा जणांना घेऊन निघालो. लूर्द, हाविएर, लोयोला असा साधा तीर्थयात्रेचा बेत होता. तारखा ठरवताना मी फक्त विमानाचं भाडं पाहिलं, आणि चूक तिथेच झाली. नवाराची राजधानी पाम्प्लोना इथे दोन रात्री राहायच्या होत्या. मधल्या एजंटाने ऐन वेळी शहरातल्या खोल्या नाहीत म्हणून कळवलं आणि आमची सोय चाळीस किलोमीटर लांब केली. का, ते १० जुलैला सकाळी शहरात शिरल्यावर कळलं. रस्ताभर पांढरे कपडे, गळ्यात लाल रुमाल. शहराचा सण सान फेर्मिन चालू होता, ६ जुलैच्या दुपारी बारापासून १४ जुलैच्या मध्यरात्रीपर्यंत चालणारा.

मी घाबरले होते. गटात सत्तरी ओलांडलेली माणसं होती. पण त्या सकाळी एका गल्लीत आम्हाला राक्षसी बाहुल्यांचं नाचणं दिसलं. चार खंडांचे चार राजे आणि चार राण्या, माणसाच्या दुपटीहून उंच, १८६० साली तादेओ आमोरेना या कारागिराने घडवलेल्या. आत एक माणूस शिरून त्यांना पेलतो आणि बासरी-ढोलावर गिरक्या घेतो. लहान मुलं आपली चोखणी या राजा-राण्यांना देऊन टाकतात, "आता मी मोठा झालो" म्हणून. आमच्या आजी अर्धा तास तिथून हलल्या नाहीत.

सान फेर्मिनमध्ये रोज सकाळी गल्ल्यांतून बैल सोडतात आणि माणसं त्यांच्यापुढे धावतात, त्याबद्दल इथेच सांगते, कारण फोनवर पहिला प्रश्न तोच येतो. ते बघायच्या बाल्कन्यांतल्या जागा आम्ही विकत नाही. सकाळी आठला धावलेले बैल संध्याकाळी रिंगणात मारले जातात. ज्यांना ते पाहायचं असेल त्यांना दुसऱ्या कंपन्या नेतात. आम्ही सकाळी उशिरा शहरात जातो, बाहुल्या बघतो आणि दुपारी निघतो.

त्याच दौऱ्यात लोयोलाकडे जाताना एका खेड्यात बस अडली. चौकात बैलजोडी दगड ओढत होती, भोवती गाव ओरडत होतं. आमच्यातले वाडीवाले काका खाली उतरले ते तासभर परत आलेच नाहीत. 'इदी प्रोबाक' नावाचा तो खेळ आम्हाला कोणत्याही माहितीपत्रकात सापडला नव्हता. मी शेजारच्या बाईंना खुणांनी विचारलं, हे काय आहे? त्यांनी भिंतीवरच्या कागदाकडे बोट दाखवलं. त्यावर मोठ्या अक्षरांत रोमन लिपीत एक शब्द होता, तो मी 'जयाक' असा वाचला. 'जाय' म्हणजे सण. किनाऱ्याच्या काही गावांत तो 'जायाक', गिपुस्कोआ प्रांतात 'खायाक', फ्रान्सच्या बाजूला 'यायाक' असा ऐकू येतो. 'जयाक' वाचलं की थांबायचं, हा आमचा पहिला नियम झाला.

दुसरा नियम वसईनेच शिकवला. आपल्याकडे एखाद्या गावची जत्रा कधी, हे कळायला त्या गावचं दैवत विचारावं लागतं. तिथेही तसंच. प्रत्येक गावाचा एक रक्षक संत, आणि त्याच्या दिवसाभोवती गावाचा सण. मी एक जाड वही केली आणि तिच्यात गावांऐवजी संत लिहिले. २४ जून सान हुआन, आदल्या रात्री होळ्या. २९ जून सान पेद्रो, मच्छीमारांच्या बंदरांत. १६ जुलै कार्मेन, समुद्रावर होड्यांची मिरवणूक. २२ जुलै माग्दालेना. २६ जुलै सांता आना. ३१ जुलै लोयोलाचे संत इग्नासियो. १५ ऑगस्ट मरियामाता, लगेच १६ ला सान रोके. ८ सप्टेंबर पुन्हा मरियामाता, म्हणजे आपल्या बांद्र्याच्या मोतमावलीचाच दिवस. मग नकाशा घेऊन कोणत्या गावाचा कोण संत, ते भरत गेले. मोठी शहरं या हिशेबात नीट बसत नाहीत. बिल्बाओची 'आस्ते नागुसिया' १५ ऑगस्टनंतरच्या शनिवारी सुरू होते, बायोनचा सण जुलैतल्या बुधवारी. ती तारीख दरवर्षी नव्याने बघावी लागते.

व्हिसाचा अर्ज महिने आधी करायचा, आणि गावाचा कार्यक्रम मात्र छापून येतो दोन-तीन आठवडे आधी. सुरुवातीला या दोन टोकांत आमची फार ओढाताण झाली. शेवटी एकाच ठिकाणी मुक्काम ठेवायचा आणि मधले चार दिवस मोकळे सोडायचे, असं ठरवलं. तिथे पोहोचल्यावर गावच्या कचेरीबाहेर आणि पेलोता हा चेंडूचा खेळ खेळायच्या भिंतीजवळ कागद लागलेला असतो. 'एगितारावा' म्हणजे कार्यक्रम, 'उस्ताइला' म्हणजे जुलै, 'अबुस्तुआ' म्हणजे ऑगस्ट. इतके शब्द पाठ असले की पुरे होतं.

२०१८ साली वसईतल्या पाचूबंदरच्या कोळी कुटुंबांचा गट होता. त्यांना मी २२ जुलैला बेर्मेओला नेलं. बेर्मेओ हे मच्छीमारांचं बंदर, समोर इसारो नावाचं ओसाड बेट. या बेटावर बेर्मेओ आणि शेजारच्या मुंदाका या दोन गावांचा दावा होता, आणि होड्यांच्या शर्यतीत बेर्मेओ जिंकलं, अशी कथा सांगतात. म्हणून दर माग्दालेनाच्या दिवशी होड्यांचा ताफा बेटाकडे जातो, बेर्मेओचे महापौर एक कौल समुद्रात टाकतात आणि जाहीर करतात, बेर्मेओच्या छपरांच्या पन्हळी इथपर्यंत पोहोचतात. म्हणजे इथवर आमची हद्द. मी धक्क्यावर उभी राहून हे सांगत होते, तेव्हा एक मावशी शांतपणे म्हणाल्या, "आमच्याकडे डोल जाळी लावायच्या जागेवरून अजून भांडणं चालू आहेत. यांनी निदान कौलावर मिटवलं." मग त्या समोरच्या बायकांकडे गेल्या. त्या जाळी विणणाऱ्या होत्या. भाषा एकीची दुसरीला येत नव्हती, पण मावशींनी गाठ मारून दाखवली, त्यांनी आपली गाठ मारून दाखवली. मी दुभाषी म्हणून पुढे झाले होते, माझी गरजच लागली नाही.

त्या संध्याकाळी चौकात बेर्त्सोलारी गायले. विषय तिथल्या तिथे देतात आणि गायक त्याच क्षणी, ठरलेल्या चालीत, यमक जुळवून कवन रचतो. शेवटची ओळ आधी मनात पक्की करतो आणि मग तिच्याकडे चालत येतो. चाल ओळखीची असली तर ऐकणारे शेवटची ओळ गायकाबरोबरच गुणगुणतात. अर्थ एक अक्षर कळत नव्हता, तरी कुठे टाळी पडणार हे कळत होतं. आपल्या कलगी-तुऱ्याच्या फडावर बसलेल्या माणसाला ते सांगावं लागत नाही.

२०२० आणि २०२१ ही दोन वर्षं सान फेर्मिनसुद्धा झाला नाही. आम्ही लोकांचे ॲडव्हान्स हप्त्याहप्त्याने परत केले, शेवटचा हप्ता द्यायला चौदा महिने लागले. गाळा ठेवला, वही ठेवली.

आता पुण्या-नाशिकचेही लोक येतात. त्यातल्या शाकाहारी मंडळींना मी मीठ टाकून तळलेल्या गेर्निकाच्या हिरव्या मिरच्या देते. गटात बाराच्या वर माणसं घेत नाही, कारण गावच्या पंगतीत त्याहून जास्त पाहुण्यांनी जागा अडवणं बरं दिसत नाही.

२०२६ साली २२ जुलै बुधवारी येतो. वार आडवा असला तरी माग्दालेना शनिवारवर ढकलत नाहीत, म्हणून रजेचं आत्ताच बघा आणि पासपोर्टची मुदत तपासून ठेवा. पाचूबंदरच्या त्या मावशींनी दोन जागा सांगून ठेवल्या आहेत. एक त्यांची, एक त्यांच्या नातीची. नात जाळं विणायला शिकली आहे.