तात्यांचा तिकीट नंबर

परवा तात्यांना घेऊन कोल्हापुरात राजारामपुरीत झेरॉक्सच्या दुकानात गेलतो. पिशवीत गिरणीचा गेटपास, ईएसआयचं (कामगार विम्याचं) कार्ड आणि एक पगाराची चिठ्ठी, ती घडीवर एवढी विरलीय की दुकानातलं पोरगं म्हणालं आजोबा फाटंल हे, तर तात्या म्हणे मी धरतो, तू बटण दाब की.

हे सगळं मुंबईतल्या कापड गिरणी कामगारांना मिळणाऱ्या घरासाठी. १ जानेवारी १९८२ ला किंवा त्यानंतर गिरणीत कामाला होता हे दाखवायला लागतंय. १८ जानेवारीला संप सुरू झाला, अडीच लाखाच्या आसपास माणूस बाहेर.

तात्या लालबागला गावकीच्या खोलीत राहायचे, सगळी आमच्या आजरा तालुक्यातलीच. झोप पाळीनं, रात्रपाळीवाला आला की दिवसपाळीवाल्यानं वळकटी उचलायची, जेवण खानावळीत. संपात खानावळीचं बिल थकलं म्हणून "दोन-चार महिन्यात येतो" सांगून गावी आले, ट्रंक तिथंच ठेवून. ती अजून तिथंच म्हणायची. खोली कुणी पाडली नाही, कुणी हाकललं नाही, म्हणून ह्याला कुणी विस्थापित म्हणत पण नाही, मला ह्याचाच राग येतो.

आपली शाहू मिल पण बंद पडली, पण तिथला माणूस निदान कोल्हापुरात आपल्या घरात तरी होता.

मग जमिनीचा खेळ. १९९१ चा नियम होता की गिरणीची जागा विकासाला काढली तर साधारण तीन वाटे, एक महापालिकेला, एक म्हाडाला म्हणजे सरकारी घरं बांधणाऱ्या मंडळाला, एक मालकाला. २००१ ला बदल केला, वाटणी फक्त मोकळ्या जागेची, शेड उभी आहे ती जागा धरायचीच नाही. आता गिरणी म्हणजे सगळी शेडच की ओ! २००६ ला सुप्रीम कोर्टात पण तेच टिकलं. तिथं मॉल आणि टॉवर झाले, आणि कामगारांच्या वाट्याला जी घरं आली त्याची पहिली मोठी सोडत २०१२ ला, अर्ज दीड लाखाच्या आसपास.

आता सांगतायत शेलू नाहीतर वांगणीला घ्या. तात्यांनी विचारलं वांगणी कुठं आलं, म्हटलं बदलापूरच्या पुढं, कर्जतकडं. बराच वेळ काय बोलले नाहीत. मग त्या पोराला म्हणाले, दोन कॉप्या जास्त काढ, आणि हा तिकीट नंबर नीट दिसूदे, ह्याच्यावरच गिरणीत ओळखायचे मला.