त्या रोहिताची मान अशी का वाकलीय?

आमच्या बैठकीच्या खोलीत एका लालभडक रोहित पक्ष्याचं, म्हणजे फ्लेमिंगोचं, चित्र लावलंय. येणारा-जाणारा त्याच्यापुढे थबकतोच, आणि ठाण्याच्या खाडीतले फ्लेमिंगो पाहून आलेला असेल तर विचारतो, ‘‘मान अशी का मुडपलीय याची? आणि रंग जरा जास्तच झालाय ना?’’ तुम्ही विचारलंत म्हणून एकदा सविस्तर सांगते.

रंगाचं आधी उरकते. हा अमेरिकी रोहित. आपल्याकडच्या थोरल्या रोहितापेक्षा तो खरोखरच कितीतरी लाल असतो.

मानेचं कारण मात्र कागद. जॉन जेम्स ऑडुबॉन या चित्रकाराने 1827 ते 1838 या काळात ‘बर्ड्‌स ऑफ अमेरिका’ची 435 चित्रं छापून घेतली, त्यातलंच हे एक. त्याचा हट्ट असा, की प्रत्येक पक्षी खऱ्या आकाराचाच हवा. गुंजनपक्षी गुंजनपक्ष्याएवढा, गरुड गरुडाएवढा. त्यासाठी त्याने मोठ्यात मोठा कागद घेतला, तोही जेमतेम मीटरभर उंच. रोहित मान ताठ करून उभा राहिला तर सव्वा मीटरच्या पुढे जातो. मग एकच वाट उरते: मान खाली आणायची. आकाराशी तडजोड नाही हा हट्ट शास्त्राचा, आणि त्यातून पानभर फिरलेली ती मानेची रेषा. यातलं कुठलं शास्त्र आणि कुठली कला, ते मला वेगळं काढता येत नाही. बरं, ती मान निव्वळ सोयीचीही नाही. रोहित डोकं उलटं करून, चोच पाण्यात बुडवून खातो, म्हणजे मान खाली नेणं हे त्याचं रोजचंच काम. मागे उथळ पाण्यात आणखी रोहित दिसतात. आणि वर, जिथे लोकांची नजर जात नाही, तिथे नुसत्या रेषेत चोच, जीभ आणि पाय वेगवेगळ्या बाजूंनी काढलेत, आकडे घालून. तेवढा तुकडा कापून घेतलात तर प्राणिशास्त्राच्या पुस्तकात खपेल.

ऑडुबॉन पक्षी मारायचा, हेही सांगायला हवं. ताज्या मेलेल्या पक्ष्याला तारा टोचून, चौकटी आखलेल्या फळीवर हव्या त्या पवित्र्यात बसवायचा. तशाच चौकटी कागदावर, म्हणजे मापं चुकायची नाहीत. रोहिताने मात्र त्याला दमवलं. 1832 मध्ये फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर थवा दिसला, हाती एकही लागला नाही. शेवटी क्यूबाहून आलेल्या नमुन्यांवरून 1838 मध्ये लंडनमध्ये चित्र झालं. म्हणजे मापं नमुन्याची, चाल आठवणीतली. सगळीकडे तो इतका भरवशाचा नाही. ‘वॉशिंग्टनचा गरुड’ म्हणून त्याने जी नवी जात मिरवली, ती पुढे कोणालाच सापडली नाही.

मी स्वतः छापचित्रं करते, त्यामुळे माझा जीव खरा अडकतो तो रॉबर्ट हॅवेलमध्ये. ऑडुबॉनचं मूळ चित्र जलरंगातलं. ते तांब्याच्या पत्र्यावर उतरवलं लंडनच्या या कोरणाऱ्याने. नुसत्या रेषांनी पिसांचा मऊपणा येत नाही, म्हणून अ‍ॅक्वाटिंट. पत्र्यावर राळेची बारीक पूड बसवायची, खालून ऊब देऊन ती चिकटवायची, मग पत्रा आम्लात. आम्ल दाण्यांच्या मधल्या फटी खातं, आणि त्या खड्ड्यांत शाई बसते. फिकं राहायला हवं तो भाग आधी वॉर्निश लावून झाकायचा, पुन्हा बुडवायचं, पुन्हा झाकायचं. दोन बुडवण्यांतला फरक काही क्षणांचा असू शकतो, आणि चुकलं तर पंख डागाळलाच. मीटरभर पत्र्यावर हे करायचं म्हणजे काय, हे जस्ताच्या वीतभर तुकड्यावर रडलेल्यांनाच कळेल. छपाई काळ्या शाईची. रंग नंतर प्रत्येक प्रतीवर हाताने भरायचे, आणि त्यासाठी पगारी रंगारी बसलेले. त्यांची नावं चित्रावर नसतात.

याच्या अगदी उलट टोकाला न्यूकॅसलचा थॉमस ब्युइक. त्याचे पक्षी तळहातावर मावतील एवढेच, कारण तो कोरायचा बॉक्सवुडच्या आडव्या कापावर, आणि त्या झाडाचं खोड फार जाड होतच नाही. पण लाकडाचा ठसा उठावाचा, म्हणजे शाई खड्ड्यांत नाही, वर राहिलेल्या भागाला लागते, आणि म्हणून अक्षरांच्या खिळ्यांबरोबर एकाच यंत्रात बसणारा. त्यामुळे 1797 साली आलेल्या त्याच्या पहिल्या खंडात पक्षी आणि त्याची माहिती एकाच पानावर आहेत, तेही सामान्य माणसाला परवडेल अशा पुस्तकात. तांब्याच्या पत्र्याला दाबयंत्र वेगळं लागतं. ऑडुबॉनच्या चित्रांबरोबर तर मजकूरच नाही. त्यामागे कारण व्यवहाराचं: मजकूर घातला असता तर ब्रिटिश कायद्याने या महागड्या प्रती ग्रंथालयांना फुकट द्याव्या लागल्या असत्या. मजकुराचे पाच खंड त्याने निराळे काढले, आणि त्यातला शास्त्राचा भार बराचसा विल्यम मॅकगिलिव्हरी या स्कॉटिश अभ्यासकाने उचलला. ऑडुबॉन आणि ब्युइक भेटलेही, 1827 मध्ये न्यूकॅसललाच. पुढे ऑडुबॉनने एका चिमुकल्या पक्ष्याला ब्युइकचं नाव दिलं.

माझ्या भिंतीवरची प्रत ऑफसेटची, म्हणजे आजच्या यंत्रछपाईची आहे. भिंग लावलंत तर चार रंगांचे ठिपके दिसतील, राळेचे दाणे नाहीत. त्यामुळे किंमत विचारू नका. चित्र नीट बघायचं असेल तर ऑडुबॉन सोसायटीच्या संकेतस्थळावर सगळी 435 फुकट आहेत, भरपूर मोठी करून बघता येतात. रोहिताचा क्रमांक 431. आधी वरची ती जीभ बघा.