कोरे पुठ्ठे

रविवार, पहाट

आज पुन्हा तेच स्वप्न पडलं. माग चालू आहे, धोटा इकडून तिकडे धावतोय, वर जॅकार्डच्या पुठ्ठ्यांची माळ फिरतेय आणि एकाही पुठ्ठ्याला भोक नाही. मी माग बंद करायला जाते, पण हात पोचत नाही.

जॅकार्ड, म्हणजे मागावर बसवलेलं नक्षीचं यंत्र, न पाहिलेल्या माणसाला यात घाबरण्यासारखं काय, ते कळणार नाही. पुठ्ठ्याला जिथे भोक, तिथे सुई आत जाते, तिचा हुक उचलला जातो आणि त्यासोबत ताण्याचा, म्हणजे उभा, धागा वर येतो. भोक नसेल तिथे सुई मागे ढकलली जाते, धागा खालीच राहतो. वर-खाली झालेल्या धाग्यांमधून आडवा धागा घेऊन धोटा गेला की कापड होतं, नक्षी उमटते. सगळे पुठ्ठे कोरे असतील तर धागा उचललाच जाणार नाही. माग धडधडत राहील, सूत संपत जाईल, कापड मात्र होणार नाही.

सोलापूरच्या पूर्व भागात वाढलेल्या मुलीला हे कुणी शिकवावं लागत नाही. अण्णा मागावर होते. गल्लीतले एक मामा ग्राफ पेपरवर चादरीची नक्षी काढायचे; तिच्या चौकोनांवरून पुठ्ठ्यांना भोकं पडायची. शाळा सुटली की मी त्यांच्याजवळ जाऊन बसायचे. कुठला चौकोन भरायचा आणि कुठला सोडायचा, हे ठरवताना ते श्वास रोखायचे. मला तेच व्हायचं होतं. मोर, कमळं सगळेच काढत; मला नान्नजच्या माळावरचा माळढोक चादरीवर आणायचा होता. मग बी.कॉम., पतसंस्थेतली नोकरी, लग्न, मुलं. कुणी अडवलं नाही, कसला राग नाही. राहून गेलं, एवढंच.

पहाटेचं स्वप्न खरं होतं, असं आजी म्हणायची. पहाटेची स्वप्नं आठवतात, याचं कारण साधं आहे: पापण्यांआड बुबुळं भरभर हलतात ती झोप रात्रीतून पुन्हा पुन्हा येते आणि पहाटेकडे तिचे टप्पे लांबत जातात. त्यातूनच जाग आली की स्वप्न हाती लागतं. पण तेच ते का पडावं? ब्लूमा झायगार्निक या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९२७ मध्ये आपले प्रयोग प्रसिद्ध केले होते. पुऱ्या झालेल्या कामांपेक्षा मध्येच थांबवलेली कामं लोकांना जास्त आठवत होती. तो स्वप्नांचा अभ्यास नव्हता, तरी मला माझं उत्तर तिथेच सापडतं. दिवसभर ठेवी-कर्जांच्या नोंदींत बुडालेली असताना मला ग्राफ पेपर आठवतही नाही. झोपेत मात्र त्याला कुणी थोपवत नाही.

आता बऱ्याच ठिकाणी डिझाइन संगणकावर होतं. होऊ दे. चौकोन भरायचा की सोडायचा, हे अजून माणसालाच ठरवावं लागतं.

मुलीच्या वहीतले ग्राफचे कागद मागून घेतलेत. नर माळढोकच काढायचा: डोक्यावरची काळी टोपी, पांढरी मान, छातीवरचा काळा पट्टा. दोन रंगांत तो ठसठशीत उठेल. पिसांचा तपकिरी रंग कसा दाखवायचा, ते अजून सुचलेलं नाही. मामा आता थकलेत, पण नजर शाबूत आहे. दुपारी त्यांच्याकडे जाऊन विचारायचंय, ओळखीच्या कारखान्यातला जॅकार्ड किती हुकांचा आहे. ते कळल्याशिवाय मान किती चौकोनांची काढायची, ते ठरत नाही.