एकच शुद्ध धैवत

बुधवार, रात्री

'स्कारबरो फेअर' हे जुनं इंग्रजी लोकगीत चौघा वादकांसाठी लिहायला घेतलं तेव्हा वाटलं होतं, दोन संध्याकाळींचं काम. आज नववी. फ्लूट, व्हायोलिन, चेलो, गिटार. गाणारं कुणी नाही, आणि घोडं तिथेच पेंड खातंय. पाच कडवी, चाल एकच. शब्द असतात तेव्हा दर कडव्यात नवी अशक्य अट येते, शिवण नसलेला सदरा वगैरे, म्हणून कान पुढे सरकतो. शब्द काढले की चौथ्या फेरीला जांभई.

सायमन आणि गारफंकेल या अमेरिकन गायक जोडीच्या १९६६ च्या ध्वनिमुद्रणात मूळ चालीभोवती दुसरी चाल फिरते. मीही ती व्हायोलिनला दिली होती. शब्दांविना दोन्ही सारख्याच पुढे पुढे करायला लागल्या. काढून टाकली. (सायमनने हे गाणं घेतलं मार्टिन कार्थी या इंग्रज लोकगायकाकडून. खरं सांगायचं तर मला कार्थीचंच जास्त आवडतं.)

आजची गंमत वेगळीच. चेलोवाल्या काकांनी दुसऱ्या ओळीतला सी शार्प पेन्सिलने खोडला. "हा चुकून पडलाय ना? ई मायनर आहे की."

म्हटलं, "काका, मायनर नाही, डोरियन. आपला काफी थाट समजा."

ग, नी कोमल, धैवत शुद्ध. षड्ज ईवर धरला तर ओळ अशी: प नी सां नी प ध म प. हा ध म्हणजेच तो सी शार्प. अख्ख्या चालीत एकदाच येतो, तोही निसटता. कोमल केला की गाणं लगेच रडकं होतं.

काकांना तरी काय बोलणार! स्वरलिपीच्या सुरुवातीला ई मायनरसारखा एकच शार्प लिहून सी शार्प मध्येच टाकला तो मीच. वर तिसऱ्या कडव्यात गिटारला सवयीने सी मेजर कॉर्ड दिलेली, म्हणजे कोमल धैवतच. आता सुरुवातीलाच दोन शार्प लिहिले आणि त्या जागी ए मेजर केली. काकांनी पुन्हा वाजवलं, मान हलवली, पण पेन्सिलीची खूण काही पुसली नाही.

गिटारचा सातव्या पडद्यावरचा कॅपोही (सगळ्या तारा दाबून सूर चढवणारा चिमटा) गेला. वर आधीच गर्दी होती, आणि खालची मोकळी ई तार हवीच होती. दुसरं कडवं चेलोचं. फ्लूट खालच्या सुरांत फुसफुसतो, म्हणून त्याला चाल फक्त शेवटी, एक सप्तक वर.

चौथं कुणाला द्यायचं ते ठरत नाहीये. व्हायोलिन मागतंय. म्हणूनच देणार नाही बहुतेक.