जपानला जाताना पैशाची तयारी: कार्ड, कॅश आणि सुइका

जपान म्हटलं की सगळ्यांना वाटतं तिथे नुसता फोन दाखवून पैसे देत असतील. तसं अजिबात नाहीये. टोकियोत मोठी दुकानं, हॉटेलं, सेव्हन-इलेव्हन किंवा लॉसनसारखी रोजच्या वस्तूंची दुकानं, सगळीकडे कार्ड आरामात चालतं, पण देवळाचं तिकीट, गल्लीतलं छोटं रामेनचं दुकान, जुने कॉइन लॉकर इथे रोख लागते म्हणजे लागतेच. आणि आपल्याला भाजीवाल्याकडेसुद्धा क्यूआर स्कॅन करायची इतकी सवय झालीये की पाकिटात सुट्टे ठेवायचं डोक्यातच येत नाही. मी, नवरा आणि सासूबाई असे टोकियो-क्योतो करून आलो, त्यातली पैशाची बाजू आधी लिहितेय, साकुराचे (चेरीच्या फुलांचे) फोटो सावकाश टाकीन.

घरी बसून करायचं पहिलं काम म्हणजे बँकेच्या ॲपमध्ये जाऊन कार्डाचं इंटरनॅशनल चालू करणं. 2020 पासून रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, नवीन कार्ड येतं ते फक्त भारतातल्या वापरापुरतं चालू असतं, बाहेरचं आपण स्वतः ऑन करायचं, आणि ॲपमध्ये दुकान, एटीएम, ऑनलाइन, टॅप अशी वेगवेगळी बटणं असतात ती सगळी नीट बघायची. लिमिट पण तिथेच वाढवायचं. आणि क्रेडिट कार्डाचा पिन आठवतोय का बघा, टॅप करून करून निम्म्या लोकांना तो आठवत नाही.

आता कुठलं कार्ड? साध्या क्रेडिट कार्डावर बहुतेक बँका साडेतीन टक्क्यांच्या आसपास मार्कअप (परदेशी चलनातल्या खर्चावरचा जास्तीचा चार्ज) लावतात आणि त्या मार्कअपवर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 1 लाखाच्या खरेदीवर 4,130 रुपये नुसते असेच गेले. म्हणून आम्ही फॉरेक्स कार्ड, म्हणजे आधीच परदेशी चलन भरून ठेवायचं कार्ड घेतलं, पण त्यात येनच भरले. हे महत्त्वाचं आहे कारण एजंट लोक डॉलर भरायला सांगतात, ‘सगळीकडे चालतो मॅडम’, चालतो हो, पण डॉलरचं कार्ड येनमध्ये घासलं की एका चलनातून दुसऱ्यात बदलायचा क्रॉस करन्सी चार्ज लागतो, मग फॉरेक्स कार्ड घेऊन काय मिळवलं. हॉटेलला चेक-इन करताना मात्र क्रेडिट कार्डच द्या, ते डिपॉझिट म्हणून रक्कम ब्लॉक करतात आणि फॉरेक्स कार्डावरचे खरे पैसे त्यात अडकून बसतात. टीसीएसची (मर्यादेपेक्षा जास्त पैसे परदेशी नेले तर आधीच कापला जाणारा कर) भीती बऱ्याच जणांना असते, तर 1 एप्रिल 2025 पासून ती मर्यादा माणशी वर्षाला 10 लाख झालीये (आधी 7 होती), आमच्यासारख्यांना तो प्रश्नच येत नाही. हे आपण स्वतः नेलेल्या पैशाचं, टूर कंपनीच्या पॅकेजचा हिशोब वेगळा.

रोख येन थोडेच नेले होते, बाकी तिथे सेव्हन-इलेव्हनच्या एटीएममधून काढले, त्यात इंग्लिश असतं आणि बाहेरची कार्डं चालतात. एटीएम असो की दुकानातलं मशीन, कधीकधी स्क्रीनवर विचारतात, रुपयात पैसे द्यायचे का येनमध्ये. टोकियोतल्या अकिहाबारा या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात नवरा हेडफोन घेत होता, तिथल्या मुलीने मशीन आमच्याकडे फिरवलं, वर मोठ्या अक्षरात रुपयांचा आकडा, खाली बारीक अक्षरात येन. आपल्या ओळखीचा आकडा दिसला की बोट आपोआप तिकडे जातं आणि ते तसंच मांडलेलं असतं. येनच दाबायचं. रुपयातला रेट ते ठरवतात आणि तो कधीच आपल्या फायद्याचा नसतो, वर काही बँका त्यावर अजून एक चार्ज लावतात तो वेगळाच.

आता सुइका, म्हणजे पैसे भरून ठेवायचं आणि टेकवून वापरायचं प्रवासाचं कार्ड. आम्ही एअरपोर्टवरच प्रत्येकी एक वेलकम सुइका घेतलं, 28 दिवस चालतं, डिपॉझिट नाही, पण उरलेले पैसे परत मिळत नाहीत. मेट्रो, बस, व्हेंडिंग मशीन, सगळीकडे टेकवायचं. आयफोनवाल्यांना फोनमध्येच सुइका घेता येतं, भारतात घेतलेल्या अँड्रॉइडवर चालत नाही, जपानी फोनमधली चिप त्यात नसते. गंमत म्हणजे स्टेशनवरच्या बहुतेक मशीनमध्ये हे सुइका भरायला रोखच लागते!

क्योतोच्या सिटी बसमध्ये मागच्या दाराने चढायचं आणि उतरताना पुढे ड्रायव्हरपाशी 230 येन टाकायचे, अगदी तेवढेच, जास्त टाकले तर परत येत नाहीत. सुइका असेल तर काहीच कटकट नाही. नसेल तर बसमधल्या मशीनमध्ये 1000 ची नोट सुट्टी करून घ्यायची, आणि ती मागे रांग लागलेली असताना नाही, सिग्नलला बस थांबली की.

नाण्यांचं पाकीट वेगळं घेऊन जा, खरंच सांगते. सगळ्यात मोठं नाणं 500 येनचं, म्हणजे आपले जवळजवळ 300 रुपये, चिल्लर म्हणून पर्सच्या तळाशी टाकून देण्यासारखं नाही. 5 येनच्या नाण्यावर तर इंग्लिश आकडाच नाही, नुसती जपानी अक्षरं, पिवळं आणि मध्ये भोक असलेलं दिसलं की ते 5 चं. एका रामेनच्या दुकानात दाराशीच तिकिटाचं मशीन होतं, नोट घालायची, चित्राचं बटण दाबायचं, तिकीट आत द्यायचं. माझी 1000 ची नवी करकरीत नोट मशीन सारखी परत ढकलत होतं. जुलै 2024 मध्ये त्यांच्या नोटा बदलल्या आणि असल्या जुन्या मशीनना नव्या नोटा कळत नाहीत. आतले काका बाहेर आले, गल्ल्यातली जुनी नोट मला दिली, नवी घेतली आणि काही न बोलता परत कढईपाशी गेले.

बाकीचं पटापट. दोन कार्डं दोन वेगळ्या बॅगांत ठेवा. बँकेचा परदेशातून लागणारा नंबर कागदावर लिहून घ्या, 1800 वाला तिथून लागत नाही. डेटाला ई-सिम घेतलं तरी आपलं सिम ओटीपीसाठी रोमिंगवर चालू ठेवा. व्हिजिट जपान वेबचा (जपानमध्ये शिरतानाचे फॉर्म ऑनलाइन भरायची सरकारी साइट) क्यूआर घरूनच बनवून स्क्रीनशॉट काढा. हापूस नेऊ नका, ताजी फळं क्वारंटाइनला अडकतात. आणि इलेक्ट्रिक कुकर पण नको. आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, खिचडीसाठी बॅगेत ठेवला होता, पण तिथे 100 व्होल्ट, आपला 230 चा कुकर जेमतेम पाचवा हिस्सा तापतो, तांदूळ भिजत बसतील नुसते. नवऱ्याने हे गणित मांडून दाखवलं तेव्हा कुठे तो बाहेर निघाला.

परत आल्यावर स्टेटमेंट येन आणि रुपये दोन्ही बघून तपासलं आणि इंटरनॅशनलची बटणं बंद केली, कारण बाहेरच्या बऱ्याच साइटवर ओटीपी न विचारताच पैसे जातात. आईंच्या सुइकावर 340 येन उरलेत. त्या म्हणतात 28 दिवस व्हायच्या आत परत जाऊन येऊ.