चार हजार आठशे जास्त

गल्ल्यात पैसे कमी पडले तर नाट्यव्यवस्थापकाला फार त्रास होत नाही. खिशातून भरायचे, घरी बोलायचं नाही, विषय संपला. जास्त पडले की मात्र झोप उडते. जास्तीचे पैसे कुणाचे तरी असतात आणि तो माणूस आज ना उद्या खिडकीशी येऊन उभा राहणार असतो.

त्या रविवारी सकाळी नऊ वाजता बालगंधर्व रंगमंदिराच्या तिकीट खिडकीत बसून मी तिसऱ्यांदा हिशेब मांडला. तिसऱ्यांदाही ४,८०० रुपये जास्तच आले.

माझं काम थोडक्यात असं. निर्माता मुंबईचा किंवा आणखी कुठला, नाटक गाडीत, आणि पुण्यातल्या प्रयोगाची तारीख, जाहिरात, प्लॅन, खिडकी, चहा-वडे, रुसवेफुगवे हे सगळं माझ्याकडे. त्या रविवारी तीन वेगवेगळ्या मंडळींनी घेतलेली तिन्ही सत्रं योगायोगानं माझ्याचकडे आली होती. सकाळी दहाला कवितांचं अभिवाचन, दुपारी चारला ‘संगीत संशयकल्लोळ’, रात्री साडेनऊला एक दोन अंकी विनोदी नाटक, जाहिरातीच्या भाषेत ‘तुफान’. अशा दिवशी कमाई बरी होते, डोकं मात्र जागेवर राहत नाही.

निम्म्याहून जास्त तिकिटं आता मोबाइलवरून जातात. तरी खिडकीचा कोटा असतो आणि त्यासाठी कागदी प्लॅन लागतो. एका मोठ्या कागदावर सगळ्या खुर्च्यांचे चौकोन. फोनवर कुणी ‘ठेवा’ म्हणालं की निळी पेन्सिल, पैसे आले की त्यावर लाल. तिकिटाचं पुस्तक प्रत्येक प्रयोगाचं वेगळ्या रंगाचं, त्यावर आसन क्रमांक हातानं लिहायचा. सकाळची तिकिटं पांढरी, दुपारची पिवळी, रात्रीची गुलाबी. तिन्ही प्लॅन गुंडाळून एकाच रबरबँडमध्ये ठेवायची माझी वाईट सवय होती. होती म्हणतो, कारण आता नाही.

दुपारच्या कागदात पिवळी तिकिटं फाटली होती तेवढ्याचे पैसे होते, आणि वर हे ४,८००. दुपारचा दर ३००, रात्रीचा ५००. भाग देऊन बघायला हवा होता. दोनशेच्या फरकानं चोवीस तिकिटं हे पाचवीतलं पोरही सांगेल. पण तेवढ्यात अभिवाचनाची माणसं यायला लागली.

अभिवाचनाचा प्रेक्षक अर्धा तास आधी येतो, हे कुणी लिहून ठेवलं नसलं तरी माझा वीस वर्षांचा अनुभव आहे. खांद्याला झोळी, हातात छत्री असो-नसो, आणि पहिला प्रश्न ठरलेला: “पुढच्या रांगा कुणासाठी राखीव?” रंगमंचावर चार खुर्च्या, चार स्टँड, एक समई. पुण्यात आमच्या धंद्यात इतकं स्वस्त नेपथ्य दुसरं नाही. अडीच-तीनशे माणसं हजाराच्या आसपास खुर्च्यांत अशी बसली होती की जणू एकमेकांशी भांडण आहे. मी दाराशी उभा राहून मर्ढेकर ऐकत होतो, म्हणजे ऐकायचा प्रयत्न करत होतो. डोक्यात ४,८००.

साडेबाराला पडदा पडला आणि मागच्या दारानं संशयकल्लोळचा टेम्पो लागला. रंगवलेले पडदे, कपड्यांच्या ट्रंका, आणि ऑर्गन. ऑर्गन उतरवताना चौघांनी उचललेला असतो आणि पाचवा नुसता “सांभाळून, सांभाळून” करत बाजूनं चालतो. तो पाचवा म्हणजे ऑर्गनवादक. वाद्य जागेवर बसल्यावर त्यांनी पायानं भाता मारत एकेक पट्टी दाबून पाहिली. एक सूर जरा उशिरा उठत होता, त्यांनी झाकण उघडून आत फुंकर घातली, आणि तो उठला. तबलजी शेजारी बसून हातोडीनं तबला काळी एकला चढवत होते. तेवढ्या वेळात दुसरं काही झालं नाही. ठक, ठक, मग बोटानं एक थाप, मान तिरकी, पुन्हा ठक. हे ऐकताना माझ्या डोक्यातला हिशेब पहिल्यांदा थांबला.

साडेतीनला जंगली महाराज रस्त्याच्या बाजूनं एक टेम्पो ट्रॅव्हलर आत आली. सासवडहून. त्यातून बायका उतरल्या, त्यांच्यामागून दोन म्हाताऱ्या, चार-पाच पुरुष, आणि एक विशीतला मुलगा. तो मुलगा मी ओळखला. गुरुवारी संध्याकाळी खिडकीवर गर्दी असताना यानंच पाकीट आणून दिलं होतं, वर लिहिलेलं: ‘चोवीस, रविवार, विनोदी’. आत रोख १२,०००.

माझे पाय गार पडले.

पुढे आलेल्या काकू भिशी मंडळाच्या प्रमुख असाव्यात, पर्स काखेत आणि सगळ्यांची तिकिटं त्यांच्याच हातात. चोवीस. सगळी पिवळी.

“अहो दादा, आधी साडेनऊ सांगितलंत ना? तिकिटावर चार लिहिलंय. म्हटलं वेळ बदलली असेल. बरंच झालं, रात्री घाटातून जायला नको. तो टीव्हीवरचा आलाय का?”

तो टीव्हीवरचा रात्री साडेआठच्या आधी रंगपटात पाय ठेवत नाही.

काय झालं होतं ते एका क्षणात समजलं. फोन आला तेव्हा मी निळी पेन्सिल चुकीच्या प्लॅनवर मारली. पैसे घेताना डोक्यात विनोदी नाटक होतं म्हणून पाचशेनं घेतले, आणि तिकिटं फाडताना समोर निळे चौकोन दुपारच्या प्लॅनवर दिसले म्हणून पिवळी फाडली. रात्रीच्या प्लॅनवर त्या खुर्च्या कोऱ्याच राहिल्या आणि शनिवारी दुसऱ्यांना गेल्या. रात्रीचा हाऊसफुल्लचा बोर्ड मी स्वतः सकाळी लावला होता, चांगला अभिमानानं.

खोटं बोलायचे दोन-तीन रस्ते सुचले. पण काकूंच्या चेहऱ्याकडे बघून ते सोडून दिले. सगळ्यांना आत, बालगंधर्वांच्या तैलचित्रांपाशी नेलं आणि जे झालं ते सांगितलं. ४,८०० रुपयांचं पाकीट तिथल्या तिथे हातात दिलं. काकूंनी दोनदा मोजलं.

“पैशाचं ठीक आहे. आमच्या रविवारचं काय?”

यावर उत्तर नव्हतं. म्हटलं, हे नाटकही विनोदीच आहे, फक्त त्यात गाणी आहेत.

“गाणी किती?”

“बरीच.”

मागून एक काका म्हणाले, “साहेब, आम्ही आचार्य अत्र्यांच्या मुलखातले. विनोद म्हणजे काय ते आम्हाला नका सांगू.” अत्रे सासवडजवळच्या कोडीतचे, त्यामुळे हा वाद घालण्यात अर्थ नव्हता. मी मान खाली घातली.

वेळ काढायला म्हणून मग मी गाइड झालो. एक आज्जी चित्राकडे बघत म्हणाल्या, “ही बाई कोण?” म्हटलं, आज्जी, ही बाई नाही, हेच बालगंधर्व, आणि शेजारच्या चित्रात पुरुषवेशात आहेत तेही तेच. गोपाळ देऊसकरांनी रंगवलेत. आज्जींनी दोन्ही चित्रांकडे आळीपाळीनं पाहिलं आणि “इश्श” म्हणाल्या. मग सांगितलं की या वास्तूचं भूमिपूजन १९६२ साली खुद्द बालगंधर्वांच्या हातचं. उद्घाटन झालं २६ जून १९६८ ला, पण त्याआधी ११ महिने, जुलै ६७ मध्ये, ते गेले. आणि आता लागणारं नाटक त्यांच्याच गंधर्व नाटक मंडळीनं १९१६ साली रंगभूमीवर आणलं, त्यातली रेवतीची भूमिका त्यांचीच. गोविंद बल्लाळ देवलांनी ते आधी गद्य लिहिलं होतं, तेव्हाचं नाव ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’. पदं घालून नवं रूप दिलं, पण त्याचा पहिला प्रयोग व्हायच्या काही महिने आधी देवल वारले.

“म्हणजे ज्यानं त्यानं केलं आणि बघायला कुणीच राहिलं नाही,” आज्जी म्हणाल्या. मग काकूंकडे वळून, “मला बसायचंय. पाय दुखतायत. गाणी तर गाणी.”

एकोणीस जण आत गेले. पाच जणांनी, त्यात तो पाकीट आणणारा मुलगाही होता, नको म्हटलं. त्यांचे ३०० प्रमाणे पंधराशे मी दिले, ते माझ्या खिशातून. संभाजी उद्यानात बसतो म्हणाले. जाताना कँटीनमधून बटाटेवडे बांधून घेतले.

नांदी झाली. मी मागच्या दाराला टेकून सासवडकर बसले होते त्या एम रांगेकडे बघत होतो, रंगमंचाकडे नाही. पहिली पंधरा मिनिटं वाईट गेली. पिशव्यांचे आवाज. एका पदात आलाप सुरू झाला तेव्हा कुणीतरी चांगलं ऐकू येईल इतक्या मोठ्यानं विचारलं, “हे अजून किती?” पुढच्या रांगांतली संगीत नाटकाची नेहमीची मंडळी, ज्यांना प्रत्येक पद कुठल्या जागेवर वळतं ते पाठ आहे, माना वळवून बघायला लागली.

मग रस्त्यात रेवतीला चक्कर आली, फाल्गुनरावानं तिला सावरलं, आणि ते नेमकं त्याच्या बायकोनं, कृत्तिकेनं पाहिलं. रेवतीच्या हातून पडलेली तिच्या प्रियकराची, अश्विनशेठची तसबीर कृत्तिकेनं उचलली, आणि ती बघताना फाल्गुनरावानं तिला पाहिलं. झालं. एम रांगेत एक हालचाल झाली, वाऱ्यानं ज्वारी हलते तशी. काकू शेजारणीच्या कानाशी लागल्या. आणि फाल्गुनराव बायकोवर पाळत ठेवायला निघाला तेव्हा दुसऱ्या आज्जी, या वेळपर्यंत तोंडातून शब्द न काढलेल्या, खणखणीत म्हणाल्या, “अरे मेल्या, विचार की तिला सरळ!”

सभागृह हसलं. फाल्गुनराव थांबला. अर्धा क्षणच. त्यानं मान किंचित एम रांगेकडे वळवली आणि पुढचं वाक्य तिकडे टाकलं, जणू उत्तर दिलं. जुना नट. लिहिलेलं एक अक्षर बदललं नाही.

मध्यंतरात दोन तक्रारी एकदम आल्या. पहिली, दर प्रयोगाला पुढून तिसऱ्या रांगेत बसणाऱ्या एका वयोवृद्ध रसिकांची. “व्यवस्थापक, मागच्या लोकांना नाटकाला कसं बसतात ते सांगा. वन्समोअर कुठे द्यायचा ते कळत नाही आणि मध्येच बोलतात.” दुसरी रंगपटातून. फाल्गुनराव अर्ध्या मेकअपवर चहा पीत म्हणाले, “ती एम रांग कुणाची? त्यांना हलवू नकोस हां. आज तिकडेच बघून बोलतोय मी.” ऑर्गनवाले मात्र खालमानेनं म्हणाले, “गाण्याला खोकतात.” तेही खरं होतं.

कुणाचं ऐकायचं? मी काकूंकडे गेलो आणि काय बोलायचं ते न सुचून चहा विचारला. काकू म्हणाल्या, “तुमचं ते फार उशिरा सुरू होतं हो नाटक. आधी गाणीच गाणी.” मग म्हणाल्या, “पण ती कृत्तिका अगदी आमच्या मोठ्या जाऊबाईंसारखी.” जाऊबाई शेजारीच होत्या. मी तिथून निघालो.

मध्यंतरानंतर मला नाटक नीट बघता आलं नाही. साडेसातला हे उतरवून साडेनऊला दिवाणखाना उभा करायचा होता, आणि रात्रीचा टेम्पो मागे येऊन हॉर्न वाजवत होता. पण विंगेत नेपथ्याचे फ्लॅट मोजताना एक गोष्ट कानावर आली. शेवटाकडच्या एका पदाला टाळी पडली, आणि ती पुढून नाही, मागून सुरू झाली. चुकीच्या जागी, समेच्या जरा आधी. तबलजींनी भुवया उंचावल्या. पुढच्या रांगांनी, थोडं ओशाळून म्हणा, ती उचलून धरली.

ट्रॅव्हलर निघाली तेव्हा उद्यानातले पाच जण गाडीत झोपलेले होते. काकूंनी काच खाली करून एवढंच म्हटलं, “पुढच्या वेळी नीट द्या तिकिटं.”

रात्रीचं नाटक छान रंगलं. हाऊसफुल्ल होतं, लोक हसले, टीव्हीवरच्या नटाबरोबर फोटोसाठी रांग लागली. रात्री एकला हिशेब रुपयापर्यंत जुळला, माझे पंधराशे सोडून. घरी बोललो नाही.

महिन्याभरानं काकूंचा फोन आला. बावीस तिकिटं हवी होती, रात्रीच्या त्याच विनोदी नाटकाची.

“आता मी विचारते तसं सांगा. प्लॅनवर नाटकाचं नाव काय लिहिलंय, वाचा.”

वाचलं.

“वार? वेळ? दर?”

सगळं वाचलं.

“तिकिटाचा रंग?”

“हिरवा. या वेळी तारखेला एकच प्रयोग आहे, काकू. चूक व्हायला जागाच नाही.”

“बरं. आणि गाणी?”

“नाहीत.”

पलीकडे जरा वेळ काहीच आवाज आला नाही.

“एकही नाही?”